वहिनी माझ्या वर्गात आल्या

वहिनींचा कॉलेजचा अर्ज मीच भरला. विषयाच्या रकान्यात त्यांनी भूगोल सांगितला तेव्हा माझा पेन थांबला. माझाही विषय भूगोलच होता, आणि मीही तिसऱ्या वर्षालाच जाणार होते. मग त्यांच्या गुणपत्रिकेवरून मागच्या दोन वर्षांचे गुण उतरवून घेताना मी मनातल्या मनात स्वतःचे आठवले. त्यांचे जास्त होते. दोन्ही वर्षांचे.

वहिनींचं माहेर वसमत तालुक्यातलं हट्टा गाव. माहेरी राहून वसमतला त्यांची बी.ए.ची दोन वर्षं झाली होती आणि मग माझ्या भावाशी लग्न. शिक्षण पुरं करू द्यायचं, हे लग्नाच्या बैठकीतच माझ्या आईनं कबूल केलं होतं. त्यावरून आईच्या जावा तिला बरंच बोलल्या होत्या. सून नांदवायला आणतात का शाळेत घालायला, असं. आई त्यांच्याशी भांडली आणि कॉलेज उघडायच्या आठवड्यात मला म्हणाली, "एकच वरीस राह्यलंय लेकराचं. तुझ्या कालेजात नाव घालून ये."

मी "व्हय" म्हणाले. नाही म्हणायला कारण नव्हतं. निदान बोलून दाखवता येईल असं नव्हतं.

आमचं गाव औंढा तालुक्यात, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठी. तिथून हिंगोलीला एसटीनं तास-सव्वा तास लागतो. आमच्या भावकीत बारावीच्या पुढं शिकलेली पहिली मुलगी मी. त्यामुळं गावात माझी एक जागा होती. कुणाच्या रेशनकार्डाचं केवायसी अडलं, कुणाच्या विहिरीचा अर्ज पंचायत समितीतून परत आला, की कागद आमच्या ओट्यावर यायचा. मी तो वाचून दाखवायचे, आणि खरं सांगायचं तर गरजेपेक्षा जरा मोठ्यानं वाचायचे.

कॉलेजात मात्र मी कुणीच नव्हते. मागून तिसऱ्या बाकावर, भिंतीकडेला बसायचे. दोन वर्षांत एकही प्रश्न विचारला नव्हता. हजेरीला माझा आवाज इतका बारीक निघायचा, की सरांनी दोनदा मला गैरहजर मांडलं, आणि मी समोर बसलेली असून "सर, मी आहे" एवढंही म्हणाले नाही. शहरातल्या मुली हिंदी-मराठी मिसळून चटचट बोलायच्या. माझ्या तोंडातून "न्हाई" निघालं की कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. म्हणून मी बोलायचंच बंद केलं होतं. माझा सगळा मान गावात होता. संध्याकाळी एसटीतून उतरलं की तो परत मिळायचा, आणि मला तेवढा पुरत होता.

पहिल्या दिवशी भाऊ आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला निघाला. दोन वर्षं तो फाटा मी पायी गाठला होता, पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन. आता दारात मोटारसायकल उभी. भाऊ पुढं, मध्ये वहिनी, आणि सगळ्यात मागं मी, दोघींच्या पिशव्या मांडीवर घेऊन.

"दादा, माझ्यासाठी कधी गाडी काढली न्हाई तू," मी म्हणाले.

"तू कधी म्हणलीस?" तो म्हणाला. खरं तर मी कधी म्हणाले नव्हते. पण न म्हणता त्यानं काढायला हवी होती, असं मला वाटत राहिलं.

वर्गात मी माझ्या नेहमीच्या बाकाकडं निघाले. "वहिनी, इकडं मागं बसू."

"काहून? मागून फळा दिसतो का?" असं म्हणून त्या दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. हातात लग्नाचा हिरवा चुडा, गळ्यात मंगळसूत्र, डोक्यावरून पदर नाही पण पाठीवरून घेतलेला. सगळा वर्ग त्यांच्याकडं बघत होता. तास अर्धा झाला असेल, तेवढ्यात त्या उभ्या राहिल्या. "सर, हे न्हाई समजलं. परत सांगता का?"

मागून एक मुलगा "न्हाई" असं म्हणून हसला. वहिनी वळल्या. "तुला समजलं का भाऊ? मग तू सांग." त्याला सांगता आलं नाही आणि वर्ग त्याच्यावर हसला. सरही हसले. मग त्यांनी फळा पुसून तो भाग पहिल्यापासून शिकवला.

मला अभिमान वाटायला हवा होता. आमच्या घरची सून ती. पण मी जळाले. ज्या शब्दासाठी मी दोन वर्षं तोंड शिवून बसले, तोच शब्द ती बाई पहिल्याच दिवशी भर वर्गात बोलली, आणि तिला काही झालं नाही.

दोन-तीन आठवड्यांनी सर प्रात्यक्षिकाच्या वह्यांवर सह्या करत होते. माझी वही हातात घेऊन त्यांनी वर बघितलं. "तू यंदा नवीन आलीस ना?"

"नाही सर. पहिल्या वर्षापासून आहे."

ते थोडे ओशाळले. मग त्यांना एकदम आठवलं. "हां हां! तू त्यांची नणंद ना?"

सरांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण दोन वर्षं ज्या इमारतीत काढली तिथं मला नाव मिळालं ते हे. पुढं ऑफिसातला कारकून, ग्रंथालयातल्या मॅडम, कॅन्टीनवाला, सगळेच मला तसं ओळखू लागले. अख्खा वर्ग त्यांना 'वहिनी' म्हणायचा. मला कुणी काहीच म्हणायचं नाही.

गावातही तेच झालं. शेजारची म्हातारी मोबाईल घेऊन आली. मी ओट्यावरच बसले होते. मी हात पुढं केला, तर ती म्हणाली, "सूनबाई कुठाय? ती बराबर समजावून सांगते. तू नुसतं वाचतीस." मी हात मागं घेतला. आतून वहिनी पदराला हात पुसत आल्या आणि तिच्याशेजारी बसून कुठलं बटण कशाचं हे तिला शिकवू लागल्या. मी उठून गोठ्यात गेले. काम काही नव्हतं. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिले आणि रडले.

त्या दिवसांत मी वहिनींच्या चुका शोधायचे. भाकरी जाड झाली की मला बरं वाटायचं. त्यांचं अक्षर वाकडं होतं, ते मला सुखाचं वाटायचं. चाचणीत त्यांना माझ्यापेक्षा जास्त गुण पडले, तेव्हा मी घरी येऊन गुण सांगितलेच नाहीत. त्यांनीही सांगितले नाहीत. का सांगितले नाहीत, हा प्रश्नही त्या वेळी मला पडला नव्हता.

मग ते झालं. आमच्या वर्गातला एक मुलगा सोयाबीन काढायला घरी थांबला होता, त्याचे तास बुडाले होते. हिंगोलीच्या बसस्टँडवर त्यानं वहिनींना वही मागितली. वहिनींनी दिली आणि हसून म्हणाल्या, "सोमवारी आण बरं का, न्हाई तं तुझ्या घरी येऊन घेऊन जाईन." बस. एवढंच.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आई आणि मी ओट्यावर मूग निवडत बसलो होतो. आई म्हणाली, "सूनबाईनं आज सगळ्या घराचं आवरलं आन मग पुस्तक घेऊन बसली. गुणाची हाय." माझ्या हातात सूप होतं. मी ते हलवत, वर न बघता म्हणाले, "व्हय. पण तिकडं पोरांसंग लई मोकळं बोलतात. काल एकाला वहीच देऊन टाकली. हसून हसून."

आईचे हात थांबले. "कोण पोरगं?"

"आहे एक. रोजचंच आहे."

बाकी सगळं खरं होतं. खोटा होता तो एकच शब्द, 'रोजचंच'. तो मी घातला. आईनं पुढं काही विचारलं नाही, पण मूग निवडणं सोडून ती आत गेली. त्या वेळी मला काय वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते: मला मोकळं वाटलं.

सोमवारी सकाळी गाडी दारात उभी नव्हती. भाऊ माझ्याकडं न बघता म्हणाला, "तिचं अंग दुखून राहिलं. तू जा." वहिनी चुलीपुढं बसल्या होत्या. मी डबा घेताना त्यांनी मान वर केली नाही.

मी फाट्यापर्यंत चालत गेले. वर्गात दुसऱ्या बाकावर, त्यांच्या जागेवर बसले. वाटलं होतं, आता ही जागा माझी. सर आले, त्यांनी बाकाकडं बघितलं आणि म्हणाले, "आज वहिनी आल्या नाहीत?" तासाला त्यांनी दोनदा थांबून विचारलं, कुणाला काही शंका? कुणी बोललं नाही. मीही नाही. मला एक अक्षर कळलं नव्हतं. दुसऱ्या बाकावर बसून न कळणं मागच्या बाकापेक्षा जास्त अवघड होतं, कारण सर थेट माझ्याकडं बघत होते.

सुटल्यावर त्या मुलानं वही माझ्याकडं दिली. "वहिनीला सांगा, माझ्या बहिणीला त्यांच्याशी बोलायचंय. तिच्या सासरचे न्हाई म्हणतात शिकायला. वहिनींनी कसं जमवलं, विचारायचंय तिला." मी वही पिशवीत टाकली आणि अख्ख्या रस्ताभर पिशवीकडं बघितलं नाही.

चार दिवस असेच गेले. मुलाचा निरोप मी सांगितला नाही, वहीही दिली नाही. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. भाऊ जेवून सरळ शेतात जायचा. शुक्रवारी संध्याकाळी मी आत गेले, तर वहिनी त्यांची पुस्तकं एका जुन्या साडीत बांधून ट्रंकेत ठेवत होत्या. गाठ नीट बसावी म्हणून त्यांनी ती दोनदा सोडून बांधली. रडत नव्हत्या. पलीकडं वडिलांना आई म्हणत होती, "माझंच चुकलं. मीच जाऊ दिलं."

जेवायला सगळे बसले, तेव्हा मी ताटावर हात ठेवून म्हणाले, "मी खोटं बोलले."

माझा आवाज हजेरीला निघतो तसाच निघाला. वडील म्हणाले, "काय?"

मग मी मोठ्यानं सांगितलं. वही कुणी मागितली, काहून मागितली, वहिनी काय म्हणाल्या. "आन 'रोजचंच' म्हणाले ना मी आईला, ते खोटं. तसं काही न्हाई. वर्गातल्या पोरांना त्या भाऊ म्हणूनच हाक मारतात."

भावानं घास खाली ठेवला. "मग काहून बोललीस?"

"कालेजात मला सगळे त्यांची नणंद म्हणतात," मी म्हणाले. ते मनात केवढं मोठं होतं! तोंडातून निघालं तेव्हा एवढंसं झालं होतं. भाऊ ताटावरून उठून बाहेर गेला.

आईनं माझ्याकडं मान वळवली. मारेल असं वाटलं. ती म्हणाली, "दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तं मी ऐकलं नसतं. माझ्या जावांचं न्हाई ऐकलं मी. तू सांगितलं म्हणून ऐकलं. तू शिकलेली, तुला कळतं म्हणून." ते ऐकून मला समजलं की घरात माझा शब्द किती चालत होता, आणि मी तो कुठं खर्च केला.

सकाळी मी वहिनींपुढं वही ठेवली, मुलाचा निरोप सांगितला आणि म्हणाले, "चला. दादा गाडी काढतोय."

त्या पीठ मळत होत्या. "मी न्हाई येत."

"वहिनी, मी सांगितलं ना सगळ्यांना."

"तेच तं." त्यांचे हात थांबले नाहीत. "तुमी सांगितलं, माझं कालेज बंद झालं. तुमीच सांगितलं, सुरू झालं. मग माझं काय हाय त्यात, ताई? मी येईन तवा माझ्या मनानं येईन." पिठाला पाण्याचा हात लावून त्या म्हणाल्या, "तवर रोज काय शिकवलं ते मला सांगायचं. वही न्हाई द्यायची. तोंडानं सांगायचं."

त्या संध्याकाळी मी सांगायला बसले. दहा मिनिटांत अडकले. भूगोलातलं संख्याशास्त्र चाललं होतं, प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती लांब पसरलेत त्याचं माप. मी फळ्यावरचं सगळं उतरवून आणलं होतं, पण वहिनी दर ओळीला विचारत होत्या, काहून? आधी सरासरीपासूनच्या फरकांचा वर्ग करायचा आणि शेवटी वर्गमूळ काढायचं. वर न्यायचं आणि परत खाली आणायचं. काहून? मला माहीत नव्हतं. "सरांनी सांगितलं तसं आहे," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "मग सोमवारी विचारून या," आणि भांडी घासायला उठल्या.

सोमवारी माझ्या जुन्या, मागच्या बाकावर बसून तासभर मी प्रश्न मनात घोळवला. वहीच्या कोपऱ्यात तो लिहूनही ठेवला. सरांनी विचारलं, काही शंका? आणि मी बोलले. सर इकडंतिकडं बघू लागले. "कोण बोललं?" म्हणजे आता उभं राहणं आलं. मी उभी राहिले. "सर, वर्ग करायचा आणि मग परत वर्गमूळ काढायचं, असं का? मला न्हाई समजलं." 'न्हाई' निघून गेलं. ते परत घेता येत नव्हतं.

कुणी हसलं नाही. सरांनी खडू टेबलावर ठेवला. म्हणाले, सरासरीपेक्षा काही आकडे जास्त असतात, काही कमी. फरक नुसते मिळवले तर अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात आणि हातात शून्य येतं. वर्ग केला की उणे चिन्ह जातं. पण वर्ग केल्यानं माप बदलतं, म्हणून शेवटी मूळ काढून आपल्या मापावर परत यायचं. माझ्या मागं-पुढं सगळ्या वह्यांवर पेन चालत होते. म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं. दोन वर्षं मला वाटत होतं, या वर्गात न कळणारी मी एकटीच आहे.

संध्याकाळी मी ते वहिनींना म्हशीच्या दुधावर समजावून सांगितलं. एका वेळेला सरासरीपेक्षा अर्धा लिटर जास्त, एका वेळेला अर्धा लिटर कमी. मिळवलं तर काहीच फरक नाही असं दिसतं, पण दूध तर कमी-जास्त झालेलंच आहे. वहिनींनी मान हलवली. "हे बराबर सांगितलं," म्हणाल्या. त्या शब्दांनी मला झालेला आनंद मी त्यांना दाखवला नाही. तेवढा माज माझ्यात अजून होता.

पुढं जवळजवळ रोज मी विचारू लागले. आधी वहिनींना सांगता यावं म्हणून. मग एके दिवशी तोंडातून प्रश्न निघून गेला आणि नंतर लक्षात आलं, की हा वहिनींसाठी नव्हता, मलाच हवा होता. हजेरीला आवाज आपोआप मोठा झाला. सर मला माझ्या नावानं हाक मारू लागले.

तीन आठवडे गेले असतील. एका सकाळी वहिनी साडी नेसून, पिशवी घेऊन ओट्यावर उभ्या. भाऊ गाडीची किल्ली आणायला धावला. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "चालत जाते." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "काल तुमी जे सांगितलं ना, ते मला पटलं न्हाई. सरांनाच विचारते."

पटलं नव्हतं ते बरोबरच होतं. मी चुकीचं सांगितलं होतं. सरांनी वर्गात त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि मी पुन्हा एकदा जळाले, अगदी पहिल्यासारखी. मला वाटलं होतं माफी मागितली, शिक्षा भोगली, आता हे संपलं असेल. ते संपलेलं नव्हतं.

वहिनी दुसऱ्या बाकावर बसल्या, पण त्यांनी माझ्यासाठी जागा केली नाही. शेजारी दुसरी मुलगी बसली. मी त्याच रांगेत पलीकडच्या बाकावर बसले. मागं गेले नाही. कित्येक महिने त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. त्यांना तेवढा हक्क होता.

शेवटच्या सत्रात प्रत्येकाला एका वस्तीची पाहणी करायची होती. मला आमच्या गावाजवळचा तांडा आला. एकटीनं घराघरात जाऊन विचारायचं, घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, पोरं कुठपर्यंत शिकली. पहिल्या दारात मी इतकी अडखळले, की तिथल्या आजीनं विचारलं, "बाई, तू सरकारी हायेस का?" मी म्हणाले, "न्हाई, मी शिकते." "मग भ्याली काहून? बस की." मी बसले. त्यांच्याकडं चहा घेतला आणि पुढची घरं नीट झाली. पाहणी वर्गासमोर मांडली तेव्हा मी कागद बघून वाचलं नाही. बोलले. वहिनी समोरच होत्या. त्यांनी एक प्रश्न विचारला, अवघडच, आणि मी उत्तर दिलं. मला वाटतं त्या दिवसापासून त्या माझ्याशी पुन्हा बोलू लागल्या.

निकाल लागला तेव्हा आम्ही दोघी हळदीच्या रानात होतो. बांधावर बसून मी मोबाईलवर आधी माझा निकाल काढला. पहिला वर्ग होता. मला इतके गुण कधीच पडले नव्हते. मग त्यांचा काढला. माझ्यापेक्षा बरेच जास्त होते.

मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. तेच जुनं जळणं परत वर आलं. पण या वेळी ते आईला सांगायला गेले नाही. त्यांनाच म्हणाले, "वहिनी, खरं सांगू? मला जळायला होऊन राहिलं."

त्यांनी आकडे नीट वाचून घेतले, माझे आणि त्यांचेही. मग हसल्या. "व्हय, दिसून राहिलं तोंडावर," त्या म्हणाल्या. "चला, घरी सांगू. आधी तुमचे सांगू, मग माझे."